विस्थापन आणि आपलेपण : कलावंतांसाठी प्रदर्शनाचं आवाहन कसं लिहावं?

रेघोटी

स्थलांतर, विस्थापन, नव्या जागी रुजणं या विषयावर सामूहिक प्रदर्शन करायचं ठरलं की बहुतेक आयोजक आधी पोस्टर करायला घेतात. ते मागाहून झालं तरी चालतं. आवाहनाचा मजकूर मात्र आधी पक्का करावा, कारण जसं मागाल तसंच काम येतं. ‘विस्थापनाच्या वेदनेला वाचा फोडणाऱ्या कलाकृती पाठवा’ असं लिहिलं की काटेरी तार, बुडती होडी, एकटी चप्पल आणि मुठीतली किल्ली यांचा ढीग पडतो. या विषयावर वर्षानुवर्षं गंभीरपणे काम करणारी माणसं तर असा मजकूर वाचून अर्जच करत नाहीत. आपली जखम उघडून दाखवायची अट आहे, हे त्यांना दोन ओळींत कळतं.

त्याऐवजी मजकुरात तीन-चार नेमके प्रश्न टाकावेत. कायमचा पत्ता विचारला तर तुम्ही काय लिहिता? घरात कोणत्या भाषेत भांडण होतं? परत गेल्यावर पाहुणा ठरलेल्या माणसाचं काय होतं? नव्या गावात ‘आपला’ कधी म्हणतात, आणि ते ठरवतं कोण? अशा प्रश्नांवर येणारं काम एकमेकांसारखं नसतं. शिवाय विस्थापन म्हणजे फक्त सीमा ओलांडणं नव्हे, हे मजकुरातच स्पष्ट लिहा. धरणाखाली गेलेली गावं, पुनर्विकासात हललेल्या वस्त्या, कामापायी फिरणारी कुटुंबं, जन्म इथलाच असूनही ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न ऐकणारी दुसरी पिढी, हे सगळं त्यात येतं की नाही ते अर्जदाराला आधी कळायला हवं.

विषयाचं टिपण 250 शब्दांत संपवा. उरलेली जागा व्यवहाराला द्या : तारखा, मानधन, वाहतूक कोण करणार, विमा कोणाचा, निवड कोण करणार, नकार कळवणार की नाही. जागेची मापं तर हवीतच. भिंतीची एकूण लांबी आणि उंची, छताला किती वजन टांगता येतं, वीज कुठे कुठे आहे, आणि काम आत येण्याच्या वाटेवरचं सगळ्यांत अरुंद दार किंवा लिफ्ट किती रुंद आहे. हे शेवटचं माप हटकून राहतं आणि दोन मीटरचा कॅनव्हास जिन्यात अडकतो.

आवाहन खुलं किमान आठ आठवडे. त्यानंतर निवडीला चार आणि निवड ते उद्घाटन किमान चार महिने. परदेशातून काम किंवा माणूस यायचा असेल तर सहा.

---

खिळाहातोडा

रेघोटी, मजकुराबद्दल पूर्ण सहमत, पण प्रश्नांतही एक फट आहे. प्रश्न फार गोड झाले की ‘आजीची ट्रंक’ छापाचं काम येतं. आठवणी, सुवास, हरवलेलं अंगण. तेही ढिगाने. एक तरी प्रश्न खडबडीत ठेवा. आधीपासून राहणाऱ्यांना नव्यांबद्दल काय वाटतं, किंवा कागदपत्रं नसताना रोजचा दिवस कसा जातो, अशा वळणाचा.

आणि भिंतीचा हिशेब आवाहन काढण्याआधी करा. 40 मीटर भिंत म्हणजे 40 मीटर काम नव्हे. दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, अग्निशामक, कोपऱ्यांजवळची जागा वजा केली की 30-32 मीटर उरतात. माणशी 3 मीटर धरले तर दहा कलावंत. ‘वीस जणांना संधी’ असं जाहीर करून बसलं की प्रत्येकाचं एकेक काम लागतं आणि कुणाचंच काही कळत नाही. या विषयात मालिका फार येतात. समजा 36 छोट्या चौकटींची मालिका आहे, प्रत्येक 30 सेंटिमीटर आणि मध्ये 8 सेंटिमीटर मोकळे. नऊच्या चार ओळी केल्या तर रुंदी 334 आणि उंची 144 सेंटिमीटर. म्हणजे एकाच कामाला साडेतीन मीटर भिंत आणि दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा. चित्रकार ज़रीना यांची 1999 ची ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही लाकूडठशांची मालिका 36 चित्रांची आहे, प्रत्येकात एक उर्दू शब्द. अशातली ‘दहाच निवडून लावू’ म्हणणं म्हणजे कामाचा खून. मालिका हे एक काम, असा नियम आवाहनातच लिहा.

---

पोस्टमास्तर

फॉर्मबद्दल लिहितो, कारण खरी चाळण तिथेच लागते आणि आयोजकांना पत्ताही नसतो.

‘राष्ट्रीयत्व’ हा सक्तीचा रकाना आणि त्यात देशांची यादी. ज्याचं नागरिकत्व गेलंय किंवा कधी मिळालंच नाही तो माणूस तिथेच थांबतो, कारण काही निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. हा रकाना कशासाठी हवाय ते स्वतःला विचारा. व्हिसासाठी हवा असेल तर निवड झाल्यावर विचारा. अर्जात ‘सध्या कुठे राहता’ एवढं पुरतं, आणि तेही ऐच्छिक. कायमचा पत्ता, ओळखपत्राची प्रत, पदवीचं प्रमाणपत्र, मागच्या पाच वर्षांतली प्रदर्शनं, हे सगळं काढून टाका. पाच वर्षं छावणीत काढलेल्याचा ‘सलग कलाप्रवास’ कुठून येणार?

टोपणनावाने अर्ज आणि टोपणनावानेच प्रदर्शन चालेल, हे ठळक लिहा. मागे राहिलेल्या नातेवाइकांना धोका असू शकतो.

पाच चित्रं, प्रत्येक फाइल 2 एमबीपर्यंत, आणि 300 शब्द. शब्दांऐवजी तीन मिनिटांचा आवाजी संदेशही चालेल असं ठेवा. लिहिता न येणारे, पण बोलायला लागले की कामाची नस दाखवणारे खूप असतात. फॉर्म फोनवर भरता यायला हवा आणि अर्धवट जतन व्हायला हवा. नेट तुटलं की सगळं पुसलं जाणाऱ्या फॉर्मचा दुसरा प्रयत्न कोणी करत नाही.

प्रवेशशुल्क? अजिबात नको.

---

कापूसकोंडा

प्रवेशशुल्क नसेल तर हौशे-नवशे पाचशे अर्ज करतील. छाननी कोण करणार?

---

पोस्टमास्तर

छाननीचा भार शुल्काने नाही, नेमक्या मजकुराने कमी होतो. तरी हिशेब मांडून ठेवा. 240 अर्ज आले, एका अर्जाला 6 मिनिटं, म्हणजे एका परीक्षकाचे 24 तास. प्रत्येक अर्ज तिघांनी वाचायचा तर 72 तास. हे एका रविवारी चहा पीत होत नाही. रोज तीन तासांच्या वर वाचू नका, संध्याकाळचे अर्ज विनाकारण मार खातात. परीक्षकांना त्यांच्या तासांचं मानधन द्या. पैसे कमी असतील तर पहिल्या फेरीत दोघं आणि मतभेद असेल तिथेच तिसरा.

---

भिंगरी

निवड समितीत विस्थापन भोगलेली किमान एक नव्हे, दोन माणसं हवीत. एकच असली की तिच्यावर सगळ्यांच्या वतीने बोलायचं ओझं येतं आणि बाकीचे ‘तुम्हीच सांगा’ म्हणून मोकळे होतात.

नाव झाकून निवड करावी का, यावर नेहमी वाद होतो. पूर्ण नाव झाकून निवड या विषयाला मानवत नाही असं माझं मत. कोण बोलतंय यावर कामाचा अर्थ फिरतो. छावणीत राहणाऱ्याने काढलेला तंबू आणि दोन दिवस भेट देऊन आलेल्याने काढलेला तंबू दिसायला सारखे असतील, पण एक नाही.

---

खिळाहातोडा

भिंगरीताई, इथे थोडा असहमत. नाव आणि ओळख आधीच समोर असली की समिती हलाखीला गुण देते. सगळ्यांत करुण अर्ज जिंकतो आणि काम मागे पडतं. मग भिंतीवर लागल्यावर प्रेक्षकाला ते कळतंच.

मधला मार्ग : पहिली फेरी फक्त चित्रांवर. कामाचं नाव, माध्यम, मापं, बाकी काही नाही. त्यातून साठेक निवडा. दुसऱ्या फेरीत टिपण आणि ओळख वाचा. पहिल्या फेरीत नाकारलेल्यांपैकी प्रत्येक परीक्षकाला दोन अर्ज परत आणायची मुभा ठेवा, कारण काही कामं फोटोत मरतात. भरतकाम आणि ध्वनी तर हमखास.

---

भिंगरी

परत आणायची मुभा असेल तर मान्य. आणि दुसऱ्या फेरीत एक प्रश्न सगळ्यांना लावा : या कामात दिसणारी माणसं कोण, आणि त्यांना हे माहीत आहे का?

---

रेघोटी

पैशांचं कोणीच लिहीना, म्हणून लिहिते. मानधन, निर्मितीखर्च आणि वाहतूक-मांडणी या तीन वेगळ्या पिशव्या ठेवा. ‘एकूण अमुक रक्कम, त्यातच सगळं भागवा’ म्हटलं की चौकटी आणि कुरिअरमध्ये रक्कम संपते आणि कलावंताच्या हातात शून्य. मानधन सगळ्यांना सारखं, नावाजलेला असो वा नवखा. कॅनडात दृश्यकलावंतांची कारफॅक ही संघटना 1968 पासून आहे आणि ती किमान मानधनाचे दर जाहीर करते. अमेरिकेत 2008 मध्ये सुरू झालेला वेज हा गटही असे दर देतो. आकडे तिथले असले तरी कोणत्या कामाचे वेगळे पैसे मोजायचे याची यादी बघण्यासारखी आहे. कलावंताचं व्याख्यान, कार्यशाळा, कॅटलॉगमधला लेख, प्रत्येकाचं वेगळं.

अर्धी रक्कम करारावर सही होताच द्या. साहित्य त्यांनी पदरमोड करून आणावं आणि बिल सहा महिन्यांनी निघावं, ही रीत ज्यांच्याकडे पदर आहे त्यांनाच परवडते.

एक अडचण आयोजकांना उशिरा कळते. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्या माणसाला अनेक देशांत कमाई करायला बंदी किंवा मर्यादा असते, आणि तुमचं मानधन ‘कमाई’ ठरून त्याचा अर्ज धोक्यात येऊ शकतो. त्या देशातल्या वकिलाला किंवा मदतगटाला आधी विचारा. मग ठरवा की साहित्य आणि प्रवास थेट तुम्ही भरायचा, की मानधन राखून ठेवायचं. बँकेत खातंच नसलेलेही असतात. ‘पैसे कसे घेणं सोयीचं पडेल?’ हा एक रकाना निवड झालेल्यांच्या फॉर्ममध्ये टाका.

---

गोणपाट

वाहतुकीबद्दल. या विषयाच्या कामांत घरची माती, बिया, वाळलेली पानं, जुनं लाकूड, दगड हे सगळं येतं. काव्य ठीक आहे, पण सीमाशुल्क आणि वनस्पती-संगरोध (क्वारंटाइन) विभागाला काव्य कळत नाही. माती आणि बिया जप्त होतात, कधी नष्टही करतात. आवाहनातच विचारा : कामात सेंद्रिय पदार्थ आहेत का, कोणते, किती? असतील तर तीन वाटा. परवाना काढा (वेळखाऊ), काचेत किंवा रेझिनमध्ये पक्कं बंद करून चालतं का ते लेखी विचारून घ्या, किंवा तो भाग पोहोचल्यावर तिथल्या सामग्रीने करायचा. तिसरी वाट कलावंताला पटेलच असं नाही. कित्येकदा कामाचा जीवच त्या मातीत असतो. म्हणून हे निवडीच्या वेळी बोला, क्रेट भरताना नव्हे.

क्रेटचं लाकूड हीसुद्धा भानगड आहे. कच्च्या लाकडाच्या खोक्याला आयएसपीएम-15 चा शिक्का लागतो. किडी मारण्यासाठी लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला 30 मिनिटं तापवल्याची ती खूण. प्लायवुडला सूट आहे, पण प्लायच्या खोक्याला खाली कच्च्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या तर पट्ट्यांना शिक्का हवा. कितीतरी खोकी त्या पट्ट्यांपायी अडकतात.

तात्पुरत्या आयातीसाठी एटीए कार्नेट हा सीमाशुल्काचा दस्तऐवज चांगला. एक वर्ष चालतो, जकात भरावी लागत नाही. मात्र त्यावर आलेलं काम परत जायलाच हवं. प्रदर्शनात विकलं गेलं तर जकात आणि दंडाचा घोळ. विक्री ठेवणार असाल तर कार्नेट काढू नका.

कापडी आणि लोकरीच्या कामांसोबत किडे येतात. गोधडी, गालिचा, जुना शालू थेट भिंतीवर नेऊ नका. पॉलिथिनमध्ये हवा दाबून काढून बंद करा आणि उणे 30 अंशांत 3 दिवस, उणे 20 च असेल तर 2 आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही, नाहीतर दव धरून रंग उतरतात. रंगवलेलं, मेण लावलेलं, काच-धातू जडवलेलं कापड असेल तर फ्रीजर नको, आधी जाणकाराला दाखवा.

---

कापूसकोंडा

कागद आणि कापडाला उजेड किती? आमच्या दालनात सगळे स्पॉटलाइट चित्रावर मारतात.

---

गोणपाट

50 लक्स (लक्स म्हणजे कामावर पडणाऱ्या उजेडाचं माप). तैलरंगाला 200 पर्यंत चालतं. 50 लक्सने रोज 8 तास, 30 दिवस म्हणजे 12,000 लक्स-तास. तोच स्पॉट 400 लक्सने मारला की हा महिन्याचा डोस चार दिवसांत संपतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. लक्समीटर उसना आणा, फोनवरच्या अ‍ॅपवर विसंबू नका. प्रेक्षकाला अंधार वाटू नये म्हणून शेजारची खोली आणि येण्याची वाटही मंद ठेवा, डोळा थोड्या वेळात सरावतो.

---

भिंगरी

कौटुंबिक फोटो, पत्रं, जुने पासपोर्ट हे या प्रदर्शनांत हमखास येतात. त्यांचा बाजारभाव शून्य आणि गेल्यास भरून न येणारे. विमा कंपनी ‘किंमत?’ विचारते तेव्हा सगळे गप्प. करारात दोन्ही बाजूंनी ठरलेली किंमत लिहा, आणि विमा खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचा घ्या. म्हणजे त्यांच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे लागेपर्यंत. पण त्याआधी विचारा की मूळ वस्तू लावायलाच हवी का? नीट स्कॅन करून त्याच मापात छापलेली प्रत बहुतेक वेळा पुरते आणि कलावंतही निर्धास्त होतो. प्रत लावलीत तर लेबलवर तसं लिहा.

आता मघाचा, कामात दिसणाऱ्या माणसांचा मुद्दा. कामात पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख, बोटांचे ठसे दिसत असतील तर झाका. प्रसिद्धीच्या फोटोंतून स्थळाची माहिती पुसा. फोनने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असतात आणि आयोजक तोच फोटो जसाच्या तसा संकेतस्थळावर चढवतात. चेहरे दिसणाऱ्या प्रत्येक माणसाची संमती त्याला कळणाऱ्या भाषेत, आणि छपाईच्या दिवसापर्यंत मागे घेता येईल अशी. लहान मुलांचे चेहरे शक्यतो नकोतच. उद्घाटनाच्या फोटोग्राफरला आधी बजावा, आणि ज्यांना फोटो नको त्यांच्यासाठी गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीचा रंग वेगळा ठेवा.

---

खिळाहातोडा

संमती आणि लेबल या दोन्हींवरून व्हेनिसला दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, म्हणजे बिएनाले, त्यातली 2019 ची आठवा. एप्रिल 2015 मध्ये भूमध्य समुद्रात शेकडो स्थलांतरितांसह बुडालेली बोट कलावंत क्रिस्तोफ ब्यूशेल यांनी ‘बार्का नोस्त्रा’ म्हणून आर्सेनाले या तिथल्या जुन्या गोदीच्या धक्क्यावर ठेवली. शेजारी काही माहिती नाही, आणि जवळच कॅफे. लोक कॉफी घेऊन तिच्यासमोर सेल्फी काढत होते. टीका झाली ती मुख्यतः यावरच. परतीचंही बघा. बिएनाले नोव्हेंबर 2019 ला संपली आणि बोट सिसिलीला परतली 2021 मध्ये. काम परत कधी, कोणाच्या खर्चाने, आणि वाटेत आधारचौकट मोडली तर कोण भरणार, ही तीन वाक्यं करारात हवीतच.

---

रेघोटी

लेबलबद्दल. ‘जन्म अमुक देश, वास्तव्य तमुक शहर’ ही सवयीची ओळ इथे आपोआप छापू नका, कलावंताला विचारा. काहींना दोन्ही हवं असतं, काहींना फक्त नाव. जन्मगावाचं नाव बदललेलं असेल तर कोणतं छापायचं हेही तेच ठरवतील.

मजकूर 60 ते 80 शब्द, अक्षर 24 पॉइंटच्या खाली नाही, आणि भाषेत ‘हृदयद्रावक’, ‘जिद्दीची कहाणी’ वगैरे विशेषणं नाहीत. अमेरिकी चित्रकार जेकब लॉरेन्स यांची 1940-41 ची मायग्रेशन मालिका 60 चित्रांची आहे आणि प्रत्येकाला एक-दोन वाक्यांचा साधा मथळा. काय घडलं, इतकंच. तो संयम लेबल लिहिताना समोर ठेवावा. अनेक भाषा असतील तर सगळ्या एकाच आकारात छापा. कलावंताची भाषा बारीक तिरक्या अक्षरात खाली टाकली की प्रदर्शनाचा विषय तिथेच खोटा पडतो. आणि उजवीकडून डावीकडे वाहणाऱ्या लिप्यांची प्रूफं त्या भाषेच्या माणसाकडूनच तपासून घ्या. संगणकात अक्षरं सुटी पडतात किंवा ओळ उलटी होते आणि ती न येणाऱ्याला सगळं छान दिसतं.

---

कापूसकोंडा

कलावंताला व्हिसाच मिळाला नाही तर? आणि एका हॉलमध्ये व्हिडिओ किती बसवावेत?

---

पोस्टमास्तर

निमंत्रणपत्र निवडीच्या आठवड्यातच द्या. त्यात तारखा, राहण्याची सोय, खर्च कोण करणार आणि मानधन स्पष्ट. निर्वासितांना 1951 च्या कराराखाली मिळणारा प्रवासदस्तऐवज पासपोर्टसारखाच वापरतात, पण त्यावर व्हिसाला वेळ जास्त लागतो. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेल तर बहुधा देश सोडता येत नाही, सोडला तर अर्ज बुडू शकतो. अशांना ‘प्रयत्न तर करून बघा’ म्हणू नका. म्हणून प्रत्येक काम कलावंताविना लावता येईल अशी सूचनापत्रिका आधीच मागवा : मापांचं रेखाटन, मध्यबिंदूची उंची (सहसा 145 ते 150 सेंटिमीटर), कोणते खिळे, कोणता क्रम, आणि काय बदललं तर चालेल. मांडणीच्या दिवशी व्हिडिओ कॉल ठेवा. प्रवासाचे वाचलेले पैसे त्यांच्याच मानधनात घाला. आणि त्यांची रिकामी खुर्ची प्रसिद्धीसाठी वापरायची असेल तर आधी विचारा, बहुतेकांना ते आवडत नाही.

---

खिळाहातोडा

व्हिडिओ : उघड्या हॉलमध्ये आवाज सोडणारं एकच. बाकी हेडफोनवर, प्रत्येकी दोन जोड, कारण एक जोड पहिल्या आठवड्यात मरतो. पडदे लावून आवाज थांबत नाही, फक्त घुमणं कमी होतं. फाइल एमपी4, 1080, सबटायटल चित्रातच कायमचे बसवलेले, आणि प्लेअर वीज गेल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणारा. किती मिनिटांचं आहे ते बाहेर लिहा. दहा मिनिटांच्या वर असेल तर बसायला बाक हवा. सगळे व्हिडिओ मिळून दोन तासांचे झाले तर ते कोणीच पूर्ण बघणार नाही, निवडतानाच बेरीज करा.

---

भिंगरी

एक राहिलं. दालनातले मदतनीस. ‘हे लोक आपल्या देशात का येतात’ असं मोठ्याने म्हणणारा प्रेक्षक येतोच, आणि एखाद्या कामासमोर कोसळून रडणाराही. दोन्हींसाठी मदतनिसांना अर्धा दिवस तयार करा. वाद घालायचा नाही, कोणाला बोलवायचं, बसायला शांत खोली कुठे. कलावंत हजर असताना प्रेक्षकाने ‘तुम्ही कसे पळालात?’ विचारलं तर मध्ये पडायची परवानगी त्यांना द्या, आणि हे कलावंतालाही आधी सांगा. अभिप्रायाची वही रोज संध्याकाळी वाचा. शिवीगाळीची पानं काढून फाइलला लावा, फेकू नका. धमकी असेल तर तीच पुढे लागते.

---

गोणपाट

परतीची बांधाबांध करताना तेच खोकं, तोच फोम, तोच क्रम. म्हणून उघडतानाच प्रत्येक थराचा फोटो काढून झाकणाच्या आत चिकटवा. स्थितीअहवालावर (कामाची अवस्था नोंदवणारा कागद) उघडताना आणि बांधताना दोन्हीकडे सही, पुढची बाजू, पाठ आणि चारही कोपऱ्यांच्या फोटोंसह. आणि बांधण्याआधी पत्ता पुन्हा विचारा, कारण या प्रदर्शनातल्या कलावंतांचा पत्ता सहा महिन्यांत बदललेला असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते.